नेपच्यूनवर पाय कुठं ठेवायचा

मला माणसांची किळस फार लवकर येते. हा काही गुण नव्हे, पण आता पन्नाशी उलटल्यावर तो जायचाही नाही. एसटीत शेजारचा माणूस खिडकीतून पिचकारी मारायला माझ्या अंगावरून ओणवा झाला की माझा सगळा दिवस वाया जातो. सत्काराच्या हाराचं पाणी कॉलरीतून पाठीवर उतरतं, त्याची येते. शाळेच्या जिन्याच्या कोपऱ्यांत गुटख्याचे जे लाल थर चढलेत, त्यांची तर रोज सकाळी नव्यानं येते. अशा माणसानं खरं म्हणजे शिक्षक होऊ नये. पण मी झालो, आणि वर्षानुवर्षं परभणीहून ताडकळसच्या रस्त्यानं जाऊन एका खाजगी संस्थेच्या शाळेत मराठी शिकवत राहिलो.

गडदे सरांची किळस मला पहिल्याच दिवशी आली होती. नवा म्हणून मला शाळा दाखवायला नेलं, आणि प्रयोगशाळेत पाहतो तर एक काळासावळा, मोठ्या नाकाचा माणूस टेबलावर वर्तमानपत्र पसरून भाकरी खातोय. पलीकडं बर्नरच्या स्टँडवर त्याचे पायमोजे वाळत होते. हाताशी काचेच्या बरणीत फॉर्मलिनमधला बेडूक, पोट वर करून. त्या बेडकाला टेकूनच लसणाच्या ठेच्याची डबी ठेवलेली. माझा चेहरा बघून हा माणूस म्हणाला, "या, बसा की. बेडूक काय वाटा मागत न्हाई."

मी बसलो नाही. त्यांच्या कपड्यांना मेंढरांचा वास यायचा, अगदी धुतलेल्या कपड्यांनासुद्धा. घरी भाऊ अजून मेंढ्या राखत होते आणि सरांची रविवारची सुट्टी कळपातच जायची. कर्कटकाच्या टोकानं ते कान कोरायचे. बोटं मोडायचे, एकेक करून दहाही, आणि दहावं मोडलं नाही तर ते मोडेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. पहिल्या दिवसापासून मी स्टाफरूममध्ये त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसत होतो. ते मला 'कविराज' म्हणायचे. मी कविता कधी केली नाही. पण संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाची भाषणं, अहवाल, मानपत्रं मीच लिहायचो, तेवढ्यावरून त्यांनी ते नाव ठेवलं.

त्यांनाही किळस यायची, हे कळायला मला वर्ष लागलं. फक्त ती माझ्यासारखी थुंकीची आणि वासाची नव्हती. चहा आला की ते कप आधी नाकाशी न्यायचे. आमच्याकडच्या उन्हात दूध टिकत नाही, आणि शाळेचा शिपाई फुटायला आलेलं दूधही साखर वाढवून खपवायचा. आम्ही सगळे ते पीत होतो. गडदे सर कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "नासलंय." बस्स, तेवढंच. मग हाच शब्द मी इतरत्रही ऐकू लागलो. मी लिहिलेलं मानपत्र समारंभात वाचलं जात असताना शेजारून हळूच यायचं, "नासलंय." शंभर टक्के निकालाचा फलक लागला, "नासलंय." एकदा मी चिडून विचारलं, की सर, तुम्हाला सगळंच कसं नासलेलं दिसतं?

"दिसत न्हाई, वास येतो," ते म्हणाले. "मेंढराच्या दुधात वाढलेलं नाक हाय हे. दूध नासलं तर तुमालाबी कळतं. बोलणं नासलं तर साखर टाकून पिता."

त्यांची दुसरी सवय पायाची. कुठल्याही नव्या जागी शिरताना ते थबकायचे, उजवी टाच जमिनीवर दाबायचे, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग आत जायचे. लग्नाच्या मांडवात, परभणीच्या बँकेत, पिंगळीच्या फलाटावर, सगळीकडं. लोक हसायचे. ही चाल त्यांच्या वडलांची. मेंढ्या शेतात बसवायच्या, तर एक जाणता माणूस आधी पुढं जाऊन जागा बघून येतो. सगळ्यात आधी तो टाच रुतवून बघतो. भुई ओली असली तर मेंढरांचे खूर सडतात. मग वरून चारा कितीही हिरवा असो, कळप बसतो तो उठत नाही. "आदी पाय, मंग पाणी, मंग वारा, मंग चारा," सर म्हणायचे. "चारा पयला बगतो तो धनगर न्हवं, गिऱ्हाईक."

नेपच्यून त्यांच्या आयुष्यात आला तो निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना, आठवीच्या वर्गात. सूर्यमालेचा धडा. दोन तासांत उरकायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची, मोकळं व्हायचं. एका मुलीनं विचारलं, "सर, नेपच्यूनवर माणूस जगंल का?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही, खूप थंडी असते, पुढचा प्रश्न. गडदे सरांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला बाहेर काढलं. मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत होतो. खिडकीतून बघतो तर मैदानावर पन्नास पोरं ओळीनं उभी राहून टाचा दाबताहेत.

"जागा बगायला आलोय आपुन," सर ओरडून सांगत होते. "हितं टाच किती रुतली?"

"बोटभर सर!"

"नेपच्यूनवर किती रुतंल?"

पोरं आपापल्या टाचांकडं बघायला लागली.

"तितं भुईच न्हाई. वरून खालपस्तोर वायू. पाय ठेवला की गेला. गुडघा गेला, कंबर गेली, तुमी गेलात. आन् थांबणार कुठं?"

"तळाला सर!"

"तळ यायच्या आदीच वरचा दाब तुमचा चेंदामेंदा करणार. पापड." हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की पोरं टाळ्या वाजवायला लागली.

सहा तास चाललं ते. रोज पोरं नेपच्यूनवरच्या माणसाला वाचवायची काहीतरी युक्ती घेऊन यायची आणि रोज सर त्याला नव्यानं मारायचे. कुणी घोंगडी आणली. सर म्हणाले, घोंगडी ऊब देत नाही, तुझ्या अंगातली ऊब धरून ठेवते, आणि तिथं शून्याच्या खाली दोनशे अंश, तुझ्या अंगात धरून ठेवण्यासारखं काही उरतच नाही. कुणी म्हणालं वाऱ्याला आडवा तुराट्यांचा कूड घालू. तिथला वारा एसटीच्या पंचवीसपट पळतो म्हटल्यावर कूडही गेला. सगळ्यात बहार केली ती एका पोरानं. धड्यात वाचून आला होता की नेपच्यून निळा दिसतो तो मिथेनमुळं. त्याच्या घरी गोबर गॅस. तो उठून म्हणाला, "सर, मिथेन म्हंजी गोबर गॅसच की! समदा ग्रह भरलाय. शेगडी पेटवून शेकत बसायचं!"

गडदे सर खुर्चीवरून उठले. तो माणूस इतका खूष झालेला मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली, त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाले, "ह्याला मनतात डोकं. आता फकस्त सांग, काडी वढली तर पेटंल का? पेटायला ऑक्सिजन लागतो. तो तितं फुकाचा न्हाई. गॅस हाय, शेगडी हाय, काडीबी हाय, आन् बसलाय गारठून." मग प्रयोगशाळेत नेऊन पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालून दाखवला. ज्योत विझली तेव्हा ते पोरगं ओरडलं, "मेला सर, माणूस मेला!"

परीक्षेत त्या धड्यावर एका गुणाचा प्रश्न आला होता.

हा माणूस मला आवडू लागला होता, तरी मी दोन खुर्च्या सोडूनच बसत होतो, हेही सांगून टाकतो. त्या सुमारास एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला संस्थेनं सगळ्या शिक्षकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि दीड तास भाषणं, त्यातलं एक माझं. दुसऱ्या सोमवारी मी सरांना विचारलं, शाल कशी निघाली? ते म्हणाले, "लय झ्याक. एक मेंढी आडली होती, तिचं कोकरू पुसून काढलं. लगीच उभं ऱ्हायलं." मला हसू आलं आणि किळसही आली, आणि दोन्हीतलं काय दाखवावं ते कळेना.

आता त्यांच्या मायबद्दल. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, एका दुपारी परीक्षानळ्या धूत असताना, माझ्याकडं पाठ करून.

"मायनं मला ह्याच शाळंत घातलं. पावसाचे दिस होते. मेंढ्या वड्याच्या पल्याड बसल्या होत्या. ती तशीच आली, शेणानं भरल्या पायानं. तवाच्या हेडमास्तरनं नाकाला रुमाल लावला. मनला, बाई, भाईर हुबी ऱ्हा, वास यायलाय. माजं नाव, बापाचं नाव, समदं तिनं खिडकीतून सांगितलं. वय काय तिला म्हाईत न्हवतं. त्यायनी जल्मतारीख एक जून लावली." नळी उन्हात धरून ते बघत होते. "माय आता थकली. तिला त्याच हेडमास्तरच्या खोलीत एकडाव खुर्चीवर बसवायचं हाय, कविराज. मी टेबलाच्या आल्याड, ती पल्याड. च्या पाजायचा, ताजा. मंग रिटायर झालो तरी हरकत न्हाई."

आमच्या शाळेतला अर्धा स्टाफ एक जूनचाच होता. जुने मुख्याध्यापक एकतीस मेला निवृत्त होणार होते, आणि सेवाज्येष्ठतेत त्यांच्यामागं गडदे सर होते. सर स्वतः पुढच्या एकतीस मेला. म्हणजे त्यांच्या वाट्याला ती खोली नेमकी एक वर्ष येणार होती. त्यांच्यामागं मी होतो.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब. त्यांचं वर्णन करायला मला आवडलं असतं, पण जेवण नुकतंच झालंय. एवढंच सांगतो की ते बोलताना समोरच्याचा खांदा दाबतात आणि त्यांच्या हाताला कायम पेढ्याचा ओशटपणा असतो. त्या हिवाळ्यात त्यांनी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहिला, की नेपच्यूनवर हिऱ्यांचा पाऊस पडतो. झालं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेचं 'नेपच्यूनवर मानवी वसाहत' हे मॉडेल गेलं पाहिजे असा हुकूम सुटला. पोरांनी काही करायची गरज नव्हती. परभणीत असले प्रकल्प तयार करून विकणारं दुकान आहे. तिथून चौथ्या दिवशी ते आलं.

मी ते टेंपोतून उतरताना पाहिलं. धुण्याच्या टबाएवढा थर्मोकोलचा निळा गोळा, वरचा भाग कापून सपाट केलेला. त्या सपाटीवर खरी वाळू चिकटवलेली, हिरव्या कागदाची झाडं, तीन घरं, एक सौर पॅनेल. जिथून सूर्य नुसता ठिपक्याएवढा दिसतो तिथं सौर पॅनेल! आणि एक हातपंप. नेपच्यूनवर हातपंप. त्या हातपंपाशेजारी प्लॅस्टिकचा एक माणूस हात वर करून उभा होता. खेळण्यातला वाहतूक पोलीस होता तो, शिट्टीसकट. झेंड्याच्या काठीवर मंगळसूत्रातल्यासारखे मणी टांगले होते, ते हिरे. आणि गोळ्याच्या पोटावर, जिथं दाबानं माणसाचा पापड व्हायचा त्या ठिकाणी, भाऊसाहेबांचा हसरा फोटो.

आम्हा दोघांना बोलावणं आलं. भाऊसाहेबांनी आधी माझा खांदा दाबला. "तुमी भासण लिवा, पोरगं पाठ करंल." मग सरांचा दाबला. "गडदे सर, मार्गदर्शक मनून सही तुमची. परीक्षकानं इचारलं, माणूस जगंल का, तर जगंल मनायचं. जून मदी हेडमास्तर व्हायचंय न्हवं? मंग एवढं एक वाक्य."

गडदे सर खुर्चीखाली टाच दाबत बसले होते. ते म्हणाले, "आठ दिस द्या. बगतो जगतो का."

मला वाटलं टाळताहेत. पण टाळत नव्हते. आठ दिवस हा माणूस नेपच्यूनवरच्या त्या माणसाला जगवायच्या मागं लागला. कुठून कुठून पुस्तकं आणली, वहीभर आकडेमोड केली, मधल्या सुट्टीत जेवायचंही विसरायचे. त्यांना ते वाक्य खरं करून हवं होतं. मायची खुर्ची त्या वाक्यापलीकडं होती, आणि खोटं बोलून तिथं जायचं नव्हतं. आठव्या दिवशी ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले. डोळे लाल, बोटं दहाही मोडून झालेली.

"एक वाट हाय," ते म्हणाले. "फुगा. तितलाच वायू फुग्यात भरायचा आन् तापवायचा. गरम वायू हलका असतो, फुगा तरंगंल. खाली बंद डबा. डब्यात हवा, पाणी, ऊब, समदं हितून नेलेलं. भुईवर उतरायचंच न्हाई. ऊब हाय तवर माणूस जगंल. ऊब संपली की खल्लास. पण तवर जगंल, कविराज! मॉडेलातली वाळू काढा, हातपंप काढा, फुगा लावा. मी सही करतो, दोन करतो."

आम्ही तसेच भाऊसाहेबांकडं गेलो. सरांनी वही उघडून फुगा दाखवला. भाऊसाहेबांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याच्यात गाव कुठं दिसतंय? आन् हिरे येचायचे कसे?"

"हिरे पडत असतील तर खोल आतमदी," सर म्हणाले. "येचायला वाकावं लागतं. वाकायला भुई पायजे."

"मंग फोटो कुठं लावू? फुग्याला?"

वही मिटली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "नासलं," आणि प्रयोगशाळेत निघून गेले.

प्रदर्शनाच्या सकाळी मार्गदर्शकाची जागा कोरीच होती. भाऊसाहेबांनी फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मी मराठीचा शिक्षक. मी सही केली. तेव्हा मी मनाशी काय कारण दिलं ते आठवत नाही, पण दिलं असणार. मला कारणं चांगली लिहिता येतात.

परभणीच्या सभागृहात आमचा निळा गोळा मधोमध होता. आमच्या शाळेतलं एक गुळगुळीत पोरगं माझं भाषण म्हणत होतं, "हे निळ्या ग्रहा, मानवाची पावलं तुझ्या उंबरठ्यावर उभी आहेत!" स्वतःच्याच वाक्याचीही किळस येते, हे तिथं मला पहिल्यांदा कळलं. परीक्षकांनी विचारलं, "मार्गदर्शक कोण?" मी हात वर केला. "खरंच जगू शकतो का हो माणूस तिथं?"

मी म्हणालो, "विज्ञानाला अशक्य असं काही नाही, साहेब."

परीक्षक हसले. मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. विज्ञानाचे शिक्षक म्हणून पोरांना घेऊन गडदे सर आलेच होते. "तुमचं काय म्हणणं?"

सरांनी आधी त्या सभागृहाच्या सतरंजीवर टाच दाबली. मग म्हणाले, "न्हाई साहेब. एक मिंटबी न्हाई. ह्या बाहुल्याला आदी थंडी मारंल का वारा मारंल का गुदमरून मरंल, एवढाच सवाल हाय. आन् त्यातनं वाचला तर बुडून मरंल, कारण ही वाळू तितं नसती. वाळू असती तर मीबी सही केली असती." मागं आठवीची पोरं उभी होती. त्यातलं ते गोबर गॅसवालं पोरगं मोठ्यानं म्हणालं, "काडीबी पेटत न्हाई साहेब!" सगळे हसले. परीक्षकांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले.

मला वाटलं, सुटलो. हरलो तर हरलो, निदान हा गोळा परत जिन्याखाली जाईल. संध्याकाळी निकाल लागला. आम्ही पहिले. 'आकर्षक सादरीकरण.' भाऊसाहेबांनी मला हार घातला, त्याचं गार पाणी पाठीवरून खाली उतरलं, आणि गर्दीत मी पाहिलं तर गडदे सर पोरांच्या चपला मोजत होते, कुणाची राहू नये म्हणून.

पुढचं उरकून टाकतो. सरांना डावलायचं तर त्यांचं स्वतःचं लेखी नकारपत्र लागत होतं. दिलं नाही तर प्रयोगशाळेच्या सामानाची चौकशी लावू, ती निवृत्तीनंतरही संपणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. नकारपत्राचा मसुदा मी लिहिला. 'कौटुंबिक अडचणींमुळे सदर पदाची जबाबदारी स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' सरांनी तो कागद वाचला. खरंच नाकाशी नेऊन वास घेतला. मग सही करताना म्हणाले, "एक तरी शब्द खरा लिवायचा की, कविराज. अडचण कौटुंबिक न्हाई."

जूनमध्ये मी त्या खोलीत बसलो. नवी फरशी आली, पांढरी, गुळगुळीत. निळा गोळा काचेच्या पेटीत माझ्या मागं ठेवला, वाहतूक पोलीस हात वर करून. वर्षभर गडदे सर सहीच्या वेळी यायचे, उंबऱ्याबाहेरूनच हजेरीपट मागायचे, सही करून परत द्यायचे. मी दोनदा तीनदा म्हणालो, सर, आत या, बसा. ते म्हणायचे, "तास हाय." आठवीला नेपच्यूनचा धडा त्यांनी त्याही वर्षी सहा तास शिकवला. मी मुख्याध्यापक म्हणून दोन तासांची सूचना काढू शकलो असतो. नाही काढली. माझ्या जमेला एवढीच एक गोष्ट आहे.

एकतीस मे. शाळा सुट्टीत, अंगणात ऊन नुसतं ओतत होतं. नव्या प्रवेशांसाठी भाऊसाहेब आणि संस्थेची चारपाच माणसं माझ्या खोलीत कूलरसमोर बसली होती. चहा मागवला होता. मी टेबलाच्या अलीकडं होतो, म्हणजे योग्य त्याच जागी. तेवढ्यात दारात सावली पडली.

गडदे सर आले होते, निवृत्तीचा शेवटचा कागद न्यायला. त्यांच्या हाताला धरून त्यांची माय. ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाळून एवढीशी झालेली म्हातारी, कपाळभर कुंकू, नवं कोरं लुगडं. सरांनी तिला काय सांगून आणलं होतं मला माहीत नाही. पद गेल्याचं त्यांनी तिला सांगितलं नसावं, कारण ती खुर्चीकडं पाहत होती. माझ्या नव्हे, टेबलापलीकडच्या, रिकाम्या. उन्हातून कळपाजवळून चालत आलेले तिचे पाय धुळीनं आणि लेंड्यांनी भरले होते. तिनं चपला बाहेर काढल्या, एक पाय उचलला आणि पांढऱ्या फरशीवर धरून थांबली.

"ठिवू का रं पाय हितं?" तिनं लेकाला विचारलं. "लय सोच्छ हाय."

भाऊसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. मुद्दाम नव्हे, सहज. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मला उठता आलं असतं. या माय, असं म्हणायला किती वेळ लागतो? रिकामी खुर्ची दोन हातांवर होती. हे सगळं मला दिसत होतं, आणि मी माझ्या चांगल्या, शुद्ध मराठीत म्हणालो, "आजी, जरा बाहेर थांबता का? आत मीटिंग चालू आहे."

म्हातारीचा पाय तसाच अधांतरी राहिला. गडदे सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी उंबऱ्याच्या आत आपली उजवी टाच ठेवली, दाबली, एकदा, पुन्हा एकदा. मग पाय मागं घेतला.

"नको माय," ते म्हणाले. "हितं भुई न्हाई."

त्यांनी वाकून मायच्या पायात चपला घातल्या. शेवटचा कागद टेबलावरच राहिला. खिडकीतून मला दोघं मैदान ओलांडताना दिसले. मधेच, जिथं पोरं टाचा दाबत होती तिथं, म्हातारी टेकायला खाली बसली. सरही बसले, तिच्या समोर, उन्हात, मांडी घालून. पिशवीतून स्टीलची बाटली काढून त्यांनी झाकणात काहीतरी ओतलं, आधी स्वतः वास घेतला आणि मग तिला दिलं.

"कोन होतं वो?" भाऊसाहेबांनी रुमाल खिशात घालत विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

शिपाई चहा ठेवून गेला. भाऊसाहेब भुरके मारत हिऱ्यांबद्दल काहीतरी बोलत होते, बाकीचे माना डोलावत होते. मी कप तोंडाशी नेला. दूध नासलेलं होतं. मी साखर मागवली आणि कप संपवला.